कोटा माणसाला नको, फोल्डरला लावा: एक्सएफएस कोटा वर्षभर वापरून

आमची प्रेस कोल्हापुरात. ऑगस्टपासून साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, त्यामागून दिवाळी अंक, तो संपतोय तोवर कॅलेंडरं. कॉम्प्युटरचं सगळं मीच बघते, त्यामुळे शेअर (सर्व्हरवरची सगळ्यांची सामायिक जागा) भरला की पहिली हाक मला. गेल्या वर्षी ऐन प्लेट काढायच्या दिवशी ४ टीबी फुल! लग्नपत्रिका विभागातल्या एका पठ्ठ्यानं फोनमधला सगळा फोटोंचा बॅकअप तिथं आणून ओतला होता.

सर्व्हर लिनक्स, फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) एक्सएफएस, वर साम्बा, म्हणजे लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर. आधी माणशी कोटा, म्हणजे जागेची मर्यादा, लावून पाहिला. तो कोटा फाइलीच्या मालकाच्या नावावर मोजतो, आणि साम्बात आम्ही 'फोर्स युजर' लावलेलं, म्हणजे फाइल कुणीही ठेवो, मालक एकच. सगळ्या प्रेसचा भार एकाच नावावर चढला. मग वळले प्रोजेक्ट कोट्याकडे. तो फोल्डर मोजतो, कुणी काय टाकलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आमच्यासारख्या ठिकाणी हेच पाहिजे.

लावताना मात्र तो अंत बघतो. 'पीआरजेकोटा' हा पर्याय एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कशी जोडायची ते सांगणारी फाइल) लिहून नुसतं रिमाउंट केलं तर चालत नाही, पूर्ण अनमाउंट करून (डिस्क सोडवून) पुन्हा माउंट करावं (जोडावं) लागतं. त्यात एक रविवार गेला. मग 'ईटीसी' या सेटिंगच्या फोल्डरमध्ये दोन फाइली: 'प्रोजेक्ट्स'मध्ये आकडा आणि फोल्डरचा पत्ता, 'प्रोजआयडी'मध्ये नाव आणि तोच आकडा. त्यानंतर एक्सएफएस कोट्याच्या टूलमध्ये 'प्रोजेक्ट मायनस एस' चालवायचं, तेव्हा कुठे आतल्या जुन्या फाइली हिशेबात येतात. आणि सगळीकडे 'मायनस एक्स' लावायचं विसरू नका. मी विसरले, तर टूल म्हणतं 'लिमिट' नावाची कमांडच सापडत नाही. मी अर्धा तास स्पेलिंग तपासत बसले होते.

एकदा बसलं की मात्र काम चोख. दिवाळी अंकाला सॉफ्ट मर्यादा ५५० जीबी, हार्ड ६००. सॉफ्ट ओलांडली की मुदत सुरू होते, काही बदललं नसेल तर सात दिवसांची. तेवढ्यात आवरलं नाही तर लिहिणं बंद. हार्डला मुदत वगैरे काही नाही, तिथंच थांबवतो. सकाळी चहाबरोबर 'रिपोर्ट मायनस पीएच' मारते. कोण किती खातंय ते एका पडद्यावर दिसतं आणि जो सॉफ्टच्या पुढं गेलाय त्याच्या शेवटच्या रकान्यात चौकटी कंसात उरलेले दिवस.

प्रत्येक विभागाचा शेअर वेगळा केल्यामुळे विंडोजमधल्या ड्राइव्हवर ४ टीबी न दिसता त्या विभागाचाच वाटा दिसतो. पण तिथं सॉफ्टचा आकडा येतो. दुसऱ्याच दिवशी डिझायनर दारात: "मॅडम, ६०० म्हणालात, इथं ५५० दिसतंय. ५० कुणाला दिले?"

खरी तक्रार वेगळीच आहे. माणशी कोटा संपला तर 'कोटा ओलांडला' अशी एरर येते. प्रोजेक्ट कोटा संपला की मात्र सरळ 'डिस्कवर जागा नाही'. लोकांना वाटतं सर्व्हरच भरला. सर्व्हरवर दीड टीबी मोकळं असताना मालकांनी नव्या हार्ड डिस्कचं कोटेशन मागवलं होतं, ते मी थांबवलं.

मेल पाठवायची सोय याच्यात नाही. आधीच्या नोकरीत विंडोज सर्व्हरचा एफएसआरएम (त्यातला जागेवर लक्ष ठेवणारा भाग) होता. तो ८५ टक्क्यांना स्वतःहून मेल धाडायचा, त्याची आठवण येते. इथं रिपोर्ट वाचून मेल करणारी स्क्रिप्ट मलाच लिहून क्रॉनला (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) लावावी लागली.

आणखी एक. एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात फोल्डर हलवणं आता क्षणात होत नाही. सर्व्हरवर 'एमव्ही' (हलवायची कमांड) केलं तरी आतून कॉपी करून जुनं पुसलं जातं. जुन्या अहवालांचं ४० जीबीचं फोल्डर आर्काइव्हमध्ये टाकताना वाटलं सर्व्हर अडकला, म्हणून मध्येच कंट्रोल-सी दाबलं. इकडं सगळं तसंच, तिकडं अर्धवट कॉपी. जुळवत रात्री नऊपर्यंत बसले.

पाचातले चार स्टार. कापलेला एक त्या एररसाठी.

फोटोंचा बॅकअप अजून तिथंच आहे, फक्त आता तो लग्नपत्रिकांच्या २०० जीबीतून जातो. परवा त्या विभागाच्या ताईच त्याला म्हणत होत्या, "पेन ड्राइव्ह घेऊन ये उद्या."