उजव्या बाजूचा आवाज गेला होता तेव्हा ऐकलेला सार्जंट पेपर

कॉलेजात असताना माझ्या हेडफोनची उजवी बाजू बंद पडली होती. त्यावर बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' अल्बममधलं 'अ डे इन द लाइफ' लावलं की जॉन लेननचा आवाज सुरुवातीला भिंतीपलीकडून आल्यासारखा यायचा आणि पुढच्या कडव्यांत हळूहळू जवळ सरकायचा. काय डोकं लावलंय, म्हणत मी ते मित्रांनाही ऐकवलं. नवा हेडफोन घेतल्यावर उलगडा झाला. १९६७च्या स्टिरिओ मिक्समध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं ऐकू येईल अशा जुळवणीत, त्याचा आवाज उजव्या टोकाला सुरू होतो आणि डावीकडं सरकत जातो. सुरुवातीला मी ऐकत होतो तो नुसता एको!

आता बावीस वर्षं नाट्यगृहांत साउंडच्या कन्सोलवर बसतोय. त्यामुळं 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' या अल्बमचं २०१७चं नवं मिक्स ऐकताना कान गाण्यापेक्षा फेडरकडंच (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्यांकडंच) होते. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स आणि सॅम ओकेल यांनी ते केलंय.

जुनं स्टिरिओ मिक्स म्हणजे सावत्र लेकरू. तेव्हा इंग्लंडात घरोघरी मोनोच, म्हणजे सगळा आवाज एकत्र, वाजायचं. मोनोच्या मिक्सिंगला बीटल्सचे चौघंही जातीनं हजर. स्टिरिओ मात्र जॉर्ज मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिक यांनी त्यांच्या माघारी उरकलं. त्यात 'शीज लीव्हिंग होम' पांढरी तीनच्या पट्टीत रेंगाळतं, मोनोत तेच जवळजवळ पांढरी चारला आणि चढ्या लयीत आहे. नव्या मिक्सनं मोनोचीच गती घेतली, हे फार बरं झालं. गाण्यातल्या मुलीची घर सोडायची घाई आत्ता कुठं पटते.

खरं काम त्याआधीचं आहे. ॲबी रोड स्टुडिओत तेव्हा रेकॉर्डिंगचं मशिन चार ट्रॅकचं, म्हणजे टेपवर चारच वेगळे पट्टे. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या मशिनवर उतरवायचे आणि पुढचं वाजवायला जागा मोकळी करायची. कॅसेटवरून कॅसेट भरलेल्यांना यातली गोम कळेल: दर खेपेला खरखर वाढते, आणि एकदा मिसळलेलं परत वेगळं होत नाही. २०१७मध्ये जाइल्स आणि ओकेल यांनी मिसळण्याआधीच्या मूळ टेप काढून जुळवल्या. त्यामुळं ड्रमर रिंगोचा किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) आता छातीला लागतो.

मी सगळ्यात जास्त वेळा लावलं ते 'विदिन यू विदाउट यू'. जॉर्ज हॅरिसन आणि लंडनमधले भारतीय वादक. बीटल्सपैकी दुसरा कुणी नाही. एमरिकनं माइक तबल्याच्या अगदी तोंडाशी लावले होते. तीनतालातून मधे दहा मात्रांत शिरतात ती जागा ऐका. आता डग्ग्याची घुमक आणि चाटेवरची बोटं वेगवेगळी कळतात. आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो दिलरुबाच्या मींडेमागं धावतात, तेही गढूळ होत नाही. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "अहो, आज तबला पुढं घेतलाय का?" बावीस वर्षांत तिनं माझ्या कामावर केलेली ही पहिली टिप्पणी, आणि ती दुसऱ्याच्या मिक्सवर! १९६७च्या कव्हरवर मात्र या वादकांची नावंच नव्हती.

तक्रार एकच: सगळं जरा जास्तच मोठ्या आवाजात ठेवलंय. जोरकस गाण्यांत श्वास घ्यायला जागा नाही. सलग दोन बाजू ऐकल्या की माझे कान दमतात. आमच्याकडंही हल्ली आयोजक 'अजून वाढवा' म्हणतात, त्याची आठवण झाली.

दोन सीडींचा संच घेतलात तरी पुरे, दुसरीत रेकॉर्डिंगचे आधीचे टेक आहेत. मोनो मिक्स हवं असेल तर मोठा बॉक्स सेट घ्यावा लागेल.

आणि 'अ डे इन द लाइफ'चा शेवटचा स्वरमेळ रात्रीच ऐका. पियानो विरत जातो तसे एमरिकनं फेडर वर सारले, इतके की अगदी शेवटी स्टुडिओतली खुर्ची करकरलेली ऐकू येते. मी अजूनही दचकून मागं बघतो.