वाट चुकलेलं शर्यतीचं कबूतर सापडलं तर: ‘रॉयल पिजन रेसिंग असोसिएशन’ची नोंदसेवा

ब्रिटनमध्ये एप्रिल ते सप्टेंबर कबुतरांच्या शर्यती चालतात. त्या दिवसांत परसात कबूतर येऊन बसलं, जवळ गेलं तरी उडेना आणि पायात कडी दिसली, तर ते बहुधा ससाण्याच्या भीतीनं किंवा वादळानं थकून उतरलेलं शर्यतीचं पाखरू असतं. ‘रॉयल पिजन रेसिंग असोसिएशन’ (आरपीआरए) या कबूतर-शर्यतींच्या संघटनेच्या संकेतस्थळावर कडीचा नंबर भरला की नोंदणीवरून मालक शोधता येतो. सेवा चांगली आहे, पण नंबर बिनचूक लागतो आणि बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं.

पिल्लू आठवडाभराचं असताना घातलेली ही अखंड कडी पुढे निघत नाही. तिच्यावर ‘जीबी’, वर्षाचे दोन आकडे, अक्षर आणि मग क्रमांक असतो. विष्ठा चिकटून अक्षरं बुजतात, म्हणून ओल्या कापसानं पुसा, कडी पूर्ण फिरवून वाचा, फोटो काढा. दुसऱ्या पायातली जाड प्लास्टिकची कडी वेळ मोजायच्या चिपची असते. तिचा नंबर इथं चालत नाही. अखंड कडीवर ‘जीबी’ऐवजी ‘एसयू’, ‘डब्ल्यूएचयू’, ‘एनईएचयू’ किंवा ‘आयएचयू’ असेल तर कबूतर अनुक्रमे स्कॉटलंड, वेल्स, उत्तर इंग्लंड किंवा आयर्लंडच्या संघटनेचं. नोंद तिकडेच करावी. पंखही हलकेच उलगडून पाहा. पुष्कळदा मोठ्या पिसांवर मालकाच्या फोनचा शिक्का असतो, आणि मग एका फोनमध्ये काम होतं.

आरपीआरए ही पक्षी वाचवणारी संस्था नव्हे, तेव्हा घ्यायला गाडी येईल असं धरून चालू नका. कुरियर मालकानं ठरवायचा असतो. बरेच मालक ‘दाणापाणी देऊन सोडून द्या’ म्हणतात, आणि कबूतर धडधाकट असेल तर तोच सल्ला योग्य.

तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात, मांजरापासून दूर ठेवा. पाण्याचं भांडं किमान इंचभर खोल हवं, कारण कबूतर चोच बुडवून पाणी ओढून घेतं. उथळ बशीत त्याला पिता येत नाही. ब्रेड नको. आपल्या मराठी घरातले ज्वारी, मूग, मसूर, सुके वाटाणे, कच्चे तांदूळ उत्तम. कच्चा राजमा विषारी, तो चुकूनही देऊ नका. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर पाखरू फार उपाशी आहे. दाणे थोडे थोडे, पण वारंवार द्या. मांजराचा दात लागला असेल तर जखम टाचणीएवढी असली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या तोंडातल्या जंतूंमुळे पक्षी एक-दोन दिवसांत दगावतो.

धडधाकट पाखराला 24 ते 48 तास विश्रांती पुरते. सोडताना सकाळची वेळ, स्वच्छ आकाश आणि मोकळी जागा पाहा. हवेत फेकू नका. खोक्याचं झाकण उघडून बाजूला व्हा, ते दिशेचा अंदाज घेऊन आपलं आपण उठेल.

सेवेला पाचपैकी चार. एक गुण मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावं लागतं म्हणून कापला.