जुन्या मोटारींच्या जाहिराती: पॉलिएस्टर पाकिटे, स्कॅनर आणि भिंग यांचा पावसाळ्यानंतरचा अनुभव

अमेरिकन साप्ताहिकांत 1950 आणि 1960 च्या दशकांत छापून आलेल्या मोटारींच्या जाहिराती मी जमवतो आणि त्यांचा अभ्यास करतो. सुट्या पानांचा हा संग्रह नीट टिकावा आणि अभ्यासताना मूळ कागद वारंवार हाताळावा लागू नये, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे, सपाट काचेचा ए-4 स्कॅनर आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग घेतले. या सामग्रीने आता मुंबईचा अख्खा पावसाळा काढला आहे, त्यामुळे तिच्याविषयी खात्रीने लिहिता येते.

कागदपत्रांसाठी बाजारात मिळणारी मऊ प्लास्टिकची पाकिटे पुष्कळदा पीव्हीसीची असतात. त्यांतली रसायने कालांतराने बाहेर पडतात आणि छपाईची शाई प्लास्टिकला चिकटते, म्हणून ती जुन्या पानांसाठी अजिबात वापरू नयेत. पॉलिएस्टर महाग पडते, पण ते शाईला धरत नाही आणि पिवळेही पडत नाही. ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाचे पान साधारण 10.5 बाय 14 इंचांचे असल्यामुळे ए-4 पाकीट उपयोगाचे नाही, ए-3 च घ्यावे लागते. मी लगतच्या दोन बाजू जोडलेली आणि उरलेल्या दोन उघडी असलेली पाकिटे निवडली. जुन्या कागदातून आम्ल सुटत असते आणि पाकीट चारही बाजूंनी बंद केले तर ते आतच कोंडून कागद अधिक लवकर ठिसूळ होतो. प्रत्येक पानामागे आम्लरहित पुठ्ठा ठेवल्याने पाकीट उचलताना पान वाकत नाही.

पावसाळ्यात खरी कसोटी लागली. या साप्ताहिकांचा गुळगुळीत कागद मातीच्या बारीक थराने लेपलेला असतो आणि तो ओला होऊन एकमेकांवर दाबला गेला, तर पाने अशी चिकटतात की सोडवताना चित्रच उखडून येते. प्रत्येक पान स्वतंत्र पाकिटात असल्यामुळे ही भीती संपली. दमट हवा मात्र पाकिटे थांबवू शकत नाहीत. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो आणि जुलैमध्ये आपल्याकडे ती सहज 80 च्या पुढे जाते, म्हणून पाकिटे घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक यांच्यासह ठेवली. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करून पुन्हा वापरता येते. एकाही पानाला बुरशी किंवा कसर लागली नाही. पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठून धूळ ओढली जाते, एवढी एक कटकट आहे.

स्कॅनर घेताना सीसीडी (आरसे आणि भिंगातून प्रतिमा टिपणाऱ्या) प्रकारचाच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. पातळ सीआयएस (काचेलगतच्या संवेदकांनी प्रतिमा टिपणाऱ्या) स्कॅनरमध्ये काचेला पूर्ण न टेकलेला भाग धूसर येतो आणि फाडलेल्या पानाची बांधणीकडची कड तर हमखास उचललेली असते. ए-4 काचेवर पान दोन भागांत घेऊन संगणकावर जोडावे लागते, याला वेळ जातो. 300 डीपीआयला (दर इंचाला 300 बिंदू) छपाईच्या ठिपक्यांमुळे चित्रावर लाटांसारखी जाळी उमटते, म्हणून मी 600 ला घेऊन नंतर आकार कमी करतो. पानामागे काळा कागद ठेवला की मागच्या बाजूचा मजकूर पुढे दिसत नाही.

सर्वांत जास्त आनंद मात्र भिंगाने दिला. 1959 पासून डॉयल डेन बर्नबाक या जाहिरात संस्थेने फोक्सवॅगनसाठी केलेल्या कृष्णधवल जाहिरातींत मोकळी पांढरी जागा आणि छोटीशी गाडी असते. भिंगाखाली त्या पांढऱ्या जागेत निव्वळ कागद दिसतो आणि गाडीच्या कडेपाशी काळे ठिपके हळूहळू दाट होत जातात. त्याच काळातल्या पॉन्टियाक या अमेरिकन मोटारीच्या जाहिरातींत चार रंगांच्या ठिपक्यांची फुले दिसतात. ती चित्रे आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन या जोडीची. पहिला गाडी काढी आणि दुसरा माणसे व देखावा. कोपऱ्यात त्यांची ‘एएफ’ आणि ‘व्हीके’ ही आद्याक्षरे सापडली की फार समाधान वाटते. गाडी प्रत्यक्षापेक्षा रुंद काढण्याची त्यांची रीत होती. स्कॅनवर रुंदी आणि उंची यांचे प्रमाण काढून तेच मॉडेल त्याच कोनातून दाखवणाऱ्या छायाचित्राशी ताडले, की ही अतिशयोक्ती आकड्यांत पकडता येते.

तारखेबाबत विक्रेत्यांच्या चिठ्ठीवर विसंबू नये. अमेरिकेत नवे मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत बाजारात येई, त्यामुळे 1957 च्या प्लिमथची जाहिरात 1956 च्या अंकातही असू शकते, पण चिठ्ठीवर बहुधा मॉडेलचे वर्षच लिहिलेले असते. पानाची मागची बाजू, तिथला पृष्ठक्रमांक आणि लेखाचा तुकडा यांवरून अंक ओळखता येतो, म्हणून मी दोन्ही बाजू स्कॅन करतो आणि फाइलच्या नावात अंकाची तारीख व मॉडेलचे वर्ष वेगवेगळे लिहितो. प्लिमथच्या पानांविषयी मला विशेष ओढ आहे, कारण वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. अमेरिकन वाचकासाठी रंगवलेल्या त्या गाड्यांची भावंडे मुंबईच्या रस्त्यांवर धावली होती. अखंड अंक हाती आला तर तो फाडू नये, हेही इथे आवर्जून सांगतो. शेजारची बातमी आणि आगेमागे असलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या जाहिराती हा अभ्यासाचाच भाग आहे.

दोन पानांवर पसरलेल्या जाहिरातींसाठी ही पाकिटे अपुरी पडतात. अशी जोडपाने 21 इंचांपर्यंत रुंद असतात. तेवढे मोठे पॉलिएस्टर अजून परवडणाऱ्या दरात मिळालेले नाही, तोवर दोन्ही अर्धी स्वतंत्र पाकिटांत समोरासमोर ठेवली आहेत आणि जोडलेले चित्र फक्त पडद्यावर पाहतो.