पंखा थांबला तरी अलार्म नाही: चिप, स्क्रिप्ट की बीएमसी?

रत्नागिरी ते वेंगुर्ला पट्ट्यात चोवीस तास चालू राहणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये आधी मान टाकतो तो पंखा. खारं वारं, पावसाळ्यातला दमटपणा आणि वर धूळ. बेअरिंग जड होतं, चार दिवस घरघरतं आणि एक दिवस गप्प होतं. लिनक्सवर ‘सेन्सर्स’ ही वेग-तापमान दाखवणारी कमांड चालवली तर वेग शून्य दिसतो, पण शेजारी ‘अलार्म’ हा शब्द काही उमटत नाही. इथे तीन वाटा आहेत: मदरबोर्डवरच्या, पंख्यांचा वेग मोजणाऱ्या चिपचा अलार्म जागा करायचा, वेग वाचून आपणच तपासायचा, नाहीतर सर्व्हर बोर्ड असेल तर बीएमसीवर (बोर्डावर नजर ठेवणारा वेगळा छोटा कंट्रोलर) सोपवायचं.

चिपचा अलार्म

आधी ‘/सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन’ (लिनक्स अशा चिपची मोजमापं इथे दाखवतं) खालच्या प्रत्येक फोल्डरमधली ‘नेम’ फाइल वाचा. घरगुती बोर्डांवर बहुधा नुवोटॉनची (एनसीटी६७..) किंवा आयटीईची (आयटी८७..) चिप सापडते. तसं नावच दिसत नसेल तर ड्रायव्हर (चिपशी बोलणारा लिनक्सचा भाग) लोड झालेला नाही. चिप शोधणारं ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवा, आणि ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदी) एसीपीआयशी (बायोसची हार्डवेअर सांभाळणारी व्यवस्था) पत्त्यांचा झगडा दिसतो का बघा. त्यावर बूटच्या वेळी कर्नलला ‘एसीपीआय_एनफोर्स_रिसोर्सेस=लॅक्स’ हा पर्याय देण्याचा उपाय सगळीकडे सांगतात, पण त्यात ड्रायव्हर आणि बायोस एकाच चिपवर एकाच वेळी हात घालू शकतात. कामाच्या मशीनवर आम्ही तो टाळायला सांगू.

चिप सापडली की त्याच फोल्डरमध्ये ‘फॅन२_अलार्म’ फाइल आहे का पाहा. नसेल तर त्या हेडरसाठी (पंखा जोडायची बोर्डावरची जागा) चिप किंवा ड्रायव्हर अलार्म देतच नाही. कॉन्फिग फाइल कितीही घासली तरी तो उगवणार नाही. फाइल असूनही शुकशुकाट असेल तर कारण बहुतेक या ओळीतच असतं:

फॅन२: ८४० आरपीएम (मिन = ० आरपीएम)

किमान मर्यादाच शून्य, मग वेग तिच्याखाली जाणार कसा? ‘/ईटीसी/सेन्सर्स.डी’ मध्ये नवी फाइल करून चिपच्या नावाखाली ‘सेट फॅन२_मिन ६००’ लिहा आणि रूट म्हणून ‘सेन्सर्स -एस’ चालवा, म्हणजे ती मर्यादा चिपमध्ये लिहिली जाते. खात्री करायला पंखा अडवू नका. मर्यादाच घटकाभर १५०० करा. ८४० वर फिरणाऱ्या पंख्यासमोर दोन-तीन सेकंदांत अलार्म दिसायला हवा. मर्यादा परत खाली आणल्यावर मात्र दोनदा वाचा, कारण बऱ्याच चिप एकदा वाचून होईपर्यंत जुना अलार्म धरून ठेवतात.

लाइट गेली-आली की चिप ही मर्यादा विसरते. त्यामुळे बूटच्या वेळी ‘सेन्सर्स -एस’ चालवणारी एलएम-सेन्सर्सची सर्व्हिस चालू ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात हे विसरून चालणार नाही.

आपली स्क्रिप्ट

चिपचा अलार्म लागला तरी ‘सेन्सर्स’ तुम्हाला हाक मारायला येत नाही; कुणीतरी तो वाचून मेसेज पाठवावाच लागतो. मग सरळ ‘फॅन२_इनपुट’ ही वेगाची फाइलच का वाचू नये? दर मिनिटाला वाचा आणि सलग तीनदा वेग मर्यादेखाली आला तरच ओरडा. तीन ठिकाणी लोक चुकतात. रीबूटनंतर ‘एचडब्ल्यूमॉन२’चं ‘एचडब्ल्यूमॉन३’ होऊ शकतं, म्हणून नंबरवर न जाता ‘नेम’वरून शोधा. फाइलच सापडली नाही तर तोही बिघाडच धरा, नाहीतर ड्रायव्हर लोड न झालेल्या दिवशी सगळं आलबेल दिसेल. आणि काही बोर्ड थंड असताना पंखा मुद्दाम थांबवतात, म्हणून वेग शून्य आणि सीपीयू ६० अंशांच्या वर, अशी जोडअट घाला. वेगाची नोंद ठेवली तर १२०० वरून हळूहळू ९०० वर घसरणारा गंजका पंखा बंद पडण्याआधीच ओळखू येतो. ६०० ची मर्यादा लावलेल्या चिपच्या अलार्मला हे जमत नाही.

बीएमसी

सर्व्हर बोर्ड असेल तर प्रश्न मिटला म्हणा. लिनक्स गोठलं तरी बीएमसी पंख्यावर नजर ठेवतो आणि घटना स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो (बीएमसीशी बोलणाऱ्या ‘आयपीएमआयटूल’ कमांडने तो वाचता येतो: ‘आयपीएमआयटूल सेल लिस्ट’). ‘आयपीएमआयटूल सेन्सर’च्या तक्त्यात खालच्या मर्यादांच्या जागी ‘एनए’ (मर्यादा ठरवलेलीच नाही) असेल तर अलार्म येणार नाही. ‘सेन्सर थ्रेश’ने त्या भरा. आवाजाला कंटाळून मंद पंखा बसवला असेल तर उलटा त्रास होतो: मूळ मर्यादा वेगवान पंख्यासाठी असते, त्यामुळे धडधाकट पंख्यावरही बोंब उठते.

आमचा कौल असा: घरगुती बोर्डाला स्क्रिप्ट, सर्व्हरला बीएमसी. चिपचा अलार्म फाइल असेल आणि मर्यादा टिकत असेल तरच, आणि तोही स्क्रिप्टच्या जोडीला.

तीनही वाटांना एक गोष्ट मात्र दिसत नाही: वेगाची तार नसलेला पंखा. दोन तारांच्या पंख्याला ती नसतेच. स्प्लिटरवर (एका हेडरला दोन पंखे जोडणारी वायर) दोन पंखे लावले की वेग एकाचाच पोचतो. दुसरा मेला तरी आकडा जागचा हलत नाही. त्याला वेगळा हेडर द्या. हेडर शिल्लक नसेल तर महिन्यातून एकदा झाकण काढून तो फिरतोय का ते डोळ्यांनीच पाहावं लागेल.