बिअर, वाइन की व्हिस्की: पोटाचा आणि चेहऱ्याचा हिशेब

“मामा, बिअर सोडून वाइन धरली तर पोट उतरेल का?” भाच्याचं लग्न तीन महिन्यांवर आलंय, शेरवानीचं माप द्यायचंय. गंगापूर धरणाच्या वाटेवर द्राक्षमळे आणि वायनऱ्या बघत वाढलेल्या नाशिककर पोराला हा प्रश्न पडणारच. वाइन म्हणजे द्राक्षाचाच रस, तब्येतीला चांगला, असं इथे अगदी सहज बोललं जातं.

आधी पोटाचं बघू. एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये 7 कॅलरी असतात. साखरेत 4, तेलात 9. स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत 8 टक्के अल्कोहोल धरलं, तर नुसत्या अल्कोहोलच्या 290च्या आसपास कॅलरी होतात, शिवाय माल्टमधल्या पिष्टाच्या वेगळ्या. ड्राय, म्हणजे गोडवा नसलेल्या वाइनचा 150 मिलीचा ग्लास साधारण 125चा. व्हिस्कीचा साठचा पेग 140चा. कागदावर वाइन जिंकते. पण घरी 150 मिली मोजून कोण ओततं? उघडलेली बाटली दोन-चार दिवसांत उतरते म्हणून दोघं मिळून संपवतात, आणि अख्ख्या बाटलीत सव्वासहाशे कॅलरी असतात. व्हिस्कीचं सगळं गणित ती कशात घेता यावर आहे. पाणी किंवा साध्या सोड्यात 140च राहतात, 300 मिली कोलात घेतली तर सात-आठ चमचे साखर वर चढते.

तरीही माझ्या मते खरं पोट सुटतं ते चखण्याने. अल्कोहोल साठवून ठेवायची सोय शरीरात नाही, म्हणून यकृत आधी ते निपटवतं आणि तेवढा वेळ चरबी जळणं मागे पडतं. त्याच वेळी पोटात गेलेले खारे शेंगदाणे, फरसाण, तळलेला पापड थेट साठ्याला लागतात. मूठभर शेंगदाणेच दीडशे-पावणेदोनशे कॅलरींचे. पिताना भूकही सुटते, हात थांबत नाही. बिअरची बैठक लांब चालते म्हणून तिथे चखणा जास्त जातो. ‘बिअरची ढेरी’ म्हणतात ती बरीचशी यातून येते. नेहमी जास्त पिणाऱ्यांत चरबी पोटाच्या आत आणि यकृतातही साठते, मग ब्रँड कुठलाही असो.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र वाइनला झुकतं माप देता येत नाही. कुठलंही अल्कोहोल लघवी रोखणारं संप्रेरक दाबतं, त्यामुळे पाणी बाहेर जातं आणि त्वचा कोरडी, निस्तेज दिसते. रक्तवाहिन्या फुलतात, गाल लाल होतात. झोप लागते लवकर, पण उत्तररात्री मोडते. खारट चखण्याची भर पडली की सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते. ज्यांचे गाल मुळातच लाल होतात, म्हणजे ज्यांना रोझेशियाचा त्रास आहे, त्यांच्यात रेड वाइनने तो उफाळतो अशी तक्रार नेहमीची. पण 2017 साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात रोझेशिया नव्याने होण्याशी संबंध दिसला तो व्हाइट वाइनचा आणि व्हिस्की-व्होडकासारख्या कडक दारूचा. आपल्याकडे आवडीने घेतली जाणारी शेनिन ब्लाँ व्हाइटच आहे. रेड वाइनमधलं रेस्व्हेराट्रॉल हे द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य त्वचा तरुण ठेवतं म्हणावं, तर ग्लासात ते इतकं थोडं असतं की त्यासाठी वाइन पिण्यात अर्थ नाही.

म्हणून भाच्याला मी सांगितलं, पेय बदलण्यापेक्षा लग्नापर्यंत बंदच ठेव. सूज आणि कोरडेपणा बहुतेकांचा काही दिवसांत कमी होतो, झोप सुधारते, चेहरा लवकर उजळतो. पोट इतकं घाईने उतरत नाही, त्याला जेवण आणि चालणंही लागतं. पूर्ण बंद जमणारच नसेल, तर आठवड्यात एकच दिवस, जेवणासोबत ड्राय वाइनचा मोजलेला एक ग्लास किंवा पाण्यातला एक पेग. पहिली पायरी म्हणून स्ट्राँग बिअर आणि कोला सोडायचे.

मात्र जो रोज भरपूर पितो, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम सोडू नये. हातपाय थरथरतात, झटकेही येऊ शकतात आणि ते जिवावर बेततं.

भाचा आठवड्याला शनिवारचीच घेणारा, त्याला ती भीती नाही. त्याने त्याच रात्री बेंबीवरून माप घेऊन ठेवलं. शेरवानीचं माप शिंप्याकडे महिन्याने द्यायचं ठरलंय.