लघुपट कुणाला दाखवायचा: महोत्सवाला, यूट्यूबला की गावच्या पडद्यावर?

'आपला प्रेक्षक कोण?' असं विचारलं की नव्या दिग्दर्शकाचं उत्तर ठरलेलं असतं: सगळेच. प्रत्यक्षात हे 'सगळे' म्हणजे युनिटमधली पोरं, त्यांचे घरचे आणि कॉलेजचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यापलीकडचा प्रेक्षक मिळवायचा तर मराठी लघुपटापुढे तीन वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेवर बसलेला माणूस वेगळा आहे. एकाच लघुपटाने तिघांनाही जिंकलं असं होतं कधीकधी, पण ते गृहीत धरून एडिटला बसू नये.

बोलायला सोपं जावं म्हणून एक लघुपट कल्पनेत धरू. १८ मिनिटांचा. तालुक्याच्या एसटी स्टँडवर कुणाचं तरी पार्सल घ्यायला आलेली मुलगी, बस येत नाही, दिवस जातो. पहिलं दीड मिनिट संवाद नाही. पहाट, झाडलोट, शटर वर जाण्याचा आवाज, चहाच्या गाडीवरची वाफ, त्यावर नावं.

महोत्सवात हे दीड मिनिट चालेल का? चालेल, पण कारण समजून घ्या. तिथला पहिला प्रेक्षक हा थिएटरातला रसिक नसतो. तो असतो निवड समितीतला माणूस. घरी लॅपटॉपवर, पुढ्यात लिंकांची रास. त्याला संथपणाचं वावडं नाही, पण त्याने सगळं पाहिलेलं असतं. गजर वाजतो आणि नायक उठतो अशी सुरुवात, शेवटी 'ती तर केव्हाच मेलेली होती' असा धक्का, कर्जबाजारी शेतकरी आणि मागे बासरी. हे तिन्ही प्रकार त्याच्याकडे दर आठवड्याला येतात. तुमची पहाट त्याने आधी पाहिलेल्या पहाटांपेक्षा वेगळी असेल तर तो थांबतो, नाहीतर दीड मिनिटात त्याचं मत झालेलं असतं.

विषय फार स्थानिक आहे, बाहेरच्यांना काय कळणार, ही भीती मात्र सोडून द्या. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेत चिदानंद नाईक यांनी केलेला 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो' हा १६ मिनिटांचा कन्नड लघुपट गावचा कोंबडा चोरणाऱ्या म्हातारीच्या लोककथेवर बेतलेला होता. २०२४ साली कान महोत्सवाच्या ला सिनेफ या विद्यार्थी विभागात त्याला पहिलं पारितोषिक मिळालं. अडचण स्थानिकपणाची नसते, सबटायटलची असते. 'काय गं, लई शानी झालीस' याचं इंग्रजी शब्दकोशातून काढलं की त्यातला टोमणा गेला. सबटायटलवर पैसे वाचवू नका, कॅमेऱ्याच्या भाड्यात वाचवा.

लांबीचा हिशेबही आधीच लावायला हवा. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरला जातो, कानच्या मुख्य लघुपट स्पर्धेत मर्यादा १५ मिनिटांची आहे. म्हणजे आपला एसटी स्टँड तिथे तीन मिनिटांनी बाद. जिथे तो बसतो तिथेही प्रश्न असतोच, कारण लघुपट एकेकटे दाखवत नाहीत, साधारण दीड तासाचा एक गट बांधतात. त्यात २८ मिनिटांचा एक घ्यायचा म्हणजे दुसऱ्या दोघांची जागा जाते. तितकाच चांगला १० मिनिटांचा लघुपट हातात असेल तर निवडणारा काय करेल, सांगायला नको.

खर्च? फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावर प्रवेशिका भरणं सोपं झालंय आणि तिथेच खिसा रिकामा होतो. बहुतेक शुल्क डॉलरमध्ये, मुदत जवळ येईल तसं वाढत जाणारं. दर महिन्याला होणारे, प्रत्येकाला पोस्टरवर छापायला निवडीची किंवा बक्षिसाची पानांची नक्षी देणारे 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव सरळ वगळा. पोस्टरवर अशा बारा नक्ष्या पाहून कुणी प्रभावित होत नाही, जाणकार तर उलट हसतात. त्यापेक्षा १९९० पासून चालत आलेला मुंबईचा मिफ (माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा आंतरराष्ट्रीय महोत्सव), तिरुवनंतपुरमचा माहितीपट आणि लघुपटांचा महोत्सव, गोव्यातल्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचा इंडियन पॅनोरमा हा भारतीय चित्रपटांचा विभाग, आणि राष्ट्रीय पुरस्कार हे लक्ष्य ठेवा. राष्ट्रीय पुरस्काराला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

या वाटेवर प्रेक्षकसंख्या मोजायचीच नाही. शंभर माणसं बघतील, पण त्यांतला एखादा निर्माता असू शकतो. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, त्यांचा पहिला मोठा चित्रपट 'फँड्री' त्यानंतर २०१३ साली आला. पुढचा चित्रपट करायचा आहे त्याच्यासाठी महोत्सव आहे.

आता तोच लघुपट यूट्यूबवर टाकू. इथे परीक्षक म्हणजे अंगठा. माणूस लोकलमध्ये उभा आहे, एका कानात इअरफोन, स्क्रीनवर ऊन. तुमची झाडलोट आणि शटरचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पहाटेचा निळा अंधार म्हणजे त्याच्यासाठी काळा चौकोन. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक किती वेळ टिकले याचा आलेख दिसतो, तो एकदा नीट वाचा. सुरुवातीच्या ३० सेकंदांत रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली येते, मग सपाट होते. सपाट भागात जे उरले ते तुमचे प्रेक्षक. त्या रेषेत मध्येच उंचवटा दिसला तर तिथे लोकांनी मागे जाऊन पुन्हा पाहिलंय. कधी ते दृश्य आवडलं म्हणून, कधी संवाद ऐकू आला नाही म्हणून. दुसरी शक्यता जास्त.

म्हणून यूट्यूबसाठी आपला लघुपट सुरू व्हायला हवा तो मुलीच्या पहिल्या वाक्यापासून: 'सांगलीची गाडी गेली का हो?' नावं शेवटी. शीर्षकाचंही तसंच. 'अव्यक्त', 'स्पंदन', 'ओढ' ही नावं महोत्सवाच्या पुस्तिकेत शोभतात, शोधपट्टीत कुणी टाइप करत नाही. 'पार्सल' चालेल.

पण यूट्यूबचा एक गुण महोत्सवाला कधीच येणार नाही. तो प्रेक्षकाला बोलीवरून शोधून काढतो. अहिराणीतला लघुपट असेल तर बघणारा फक्त धुळे-जळगावात नाही, सुरतेतल्या खानदेशी वस्त्यांत आहे. मालवणीतला असेल तर मुंबईतला चाकरमानी आहे. कोणत्या शहरातून किती जणांनी पाहिलं ते आकड्यांत दिसतं, आणि पुढचा लघुपट कुणासाठी लिहायचा ते तिथून कळतं. प्रतिक्रियांत 'आमच्या गावचं स्टँड सेम असंच' असं कुणी लिहिलं तर त्याची नोंद ठेवा. 'नाइस' आणि हृदयाच्या चिन्हांची नको.

पैशाचं म्हणाल तर एका लघुपटावर अपेक्षा ठेवू नये. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं दर्शन लागतं (किंवा शॉर्ट्सचे प्रचंड आकडे). वर्षाला एक लघुपट करणाऱ्याचं ते गणित नव्हे, आठवड्याला एक व्हिडिओ टाकणाऱ्याचं आहे.

तिसरी वाट सगळ्यात कमी वापरली जाते आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते: माणसं एकत्र बसवून दाखवणं. फिल्म सोसायटी (मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे), कॉलेजचं सभागृह, ग्रंथालय, झेडपीची शाळा. इथला प्रेक्षक गप्प बसत नाही. नायिका चुकीच्या बसमध्ये चढायला लागली की मागून कुणीतरी ओरडतं, 'अगं ती पंढरपूरची!' कोणत्या जागी चुळबुळ सुरू होते आणि कोणत्या विनोदावर बायका हसतात पण पुरुष नाही, हे कुठलाही आलेख दाखवत नाही.

विषय एखाद्या समूहाचा असेल तर ही वाट टाळूच नये. पण तिथेही प्रेक्षक ओळखावा लागतो. बीडकडच्या ऊसतोड कामगारांवर लघुपट केला आणि डिसेंबरात त्यांच्याच गावात पडदा लावला, तर समोर कोण बसेल? म्हातारी माणसं आणि मागे राहिलेली शाळकरी पोरं. ज्यांच्यावर लघुपट आहे ती जोडपी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर असतात. दाखवायचा तर गळीत हंगाम संपल्यावर, किंवा थेट कारखान्याच्या तळावर. तिथे वीस मिनिटांपेक्षा लांब नको, पहाटे उठून कोयता हातात घ्यायचा असतो.

तांत्रिक बाजू साधी आहे. अंधार पडल्यावरच दाखवा, भाड्याच्या प्रोजेक्टरवर गडद दृश्यं धुऊन निघतात. मांडववाल्याच्या स्पीकरवर संवाद घुमतात, म्हणून पार्श्वसंगीत कमी केलेली प्रत न्या. आणि तिकीट लावून किंवा जाहीर प्रदर्शन करणार असाल तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न इथेही येतो. दुसऱ्याचं गाणं न विचारता वापरलं असेल तर यूट्यूब ते यंत्रानेच पकडतं, महोत्सव हक्कांचं पत्र मागतो, गावात कुणी विचारत नाही. म्हणून ते चालतं असं नाही.

मग निवड कशी करायची? तिन्ही वाटा चालायच्या असतील तर क्रम महत्त्वाचा. एकदा सार्वजनिकरीत्या यूट्यूबवर गेलेला लघुपट परत 'न पाहिलेला' होत नाही, आणि काही मोठे महोत्सव इंटरनेटवर आलेलं घेत नाहीत. तेव्हा आधी महोत्सव, त्या काळात सोसायट्या आणि शाळा, वर्षभराने यूट्यूब. याला दोन अपवाद. लघुपट चालू घडामोडीवर असेल, निवडणूक, परीक्षेचा घोळ, तर वर्षभर थांबून तो शिळा होईल, सरळ टाकून द्या. विनोदी असेल आणि तुम्हाला चॅनेल उभं करायचं असेल तरीही तेच. महोत्सवांचं विनोदाशी फारसं जमत नाही, हे माझं जुनं रडगाणं आहे.

कोणत्याही वाटेने गेलात तरी एडिट संपवण्याआधी तुम्हाला न ओळखणाऱ्या चार-पाच जणांना दाखवा. 'कसा वाटला?' विचारू नका, सगळे 'छान' म्हणतील. 'गोष्ट काय होती?' विचारा. पार्सल कुणाचं होतं हे पाचांतल्या तिघांना सांगता आलं नाही तर दोष प्रेक्षकाचा नाही. आणि ते बघत असताना तुम्ही पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघा. कुणाचा हात कितव्या मिनिटाला खिशातल्या फोनकडे गेला, ते लिहून ठेवा.

प्रकल्पाची फाइल मात्र मिटवू नका. संवाद, संगीत आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, आणि पडद्यावर कुठलीही अक्षरं नसलेली एक प्रत हार्ड डिस्कवर असली की १८ मिनिटांची महोत्सवाची प्रत, संवादापासून सुरू होणारी यूट्यूबची आणि मांडवात ऐकू येईल अशी तिसरी, हे काम दोन-तीन रात्रींचं आहे.