दहावीचं गणित, भाग १ आणि भाग २ : वर्षभर वापरल्यावर

खरं तर रिव्ह्यू टॅबचा लिहायचा होता. लेक नववीत गेली तेव्हा शिकवणीच्या अ‍ॅपची दोन वर्षांची वर्गणी भरून तो घेतला आणि दहावीच्या ऐन दिवाळीत त्याचं चार्जिंग बंद पडलं. सर्व्हिस सेंटरचं ‘पार्ट मागवलाय, उद्या फोन करा’ सुरू झालं आणि घरात उरली बालभारतीची दोन पुस्तकं : भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. त्यांची पीडीएफ संकेतस्थळावर फुकट मिळते. वर्गणीचा आकडा आठवला की अजून पोटात दुखतं.

४०-४० चे दोन पेपर आणि अंतर्गत २०, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अंतर्गतचं सोडा. माझं भांडण आहे ते चौकटींशी. ‘खालील कृती पूर्ण करा’ असं म्हणून सगळी सिद्धता छापून द्यायची आणि मधेमधे रिकाम्या चौकटी ठेवायच्या. प्रत्येक पेपरात याचे ७ गुण : दुसऱ्या प्रश्नात ४, तिसऱ्यात ३.

कोनदुभाजकाचं प्रमेय घ्या. त्रिकोण ABC मध्ये AD हा कोन A चा दुभाजक, D बाजू BC वर; सिद्ध करायचं की BD : DC = AB : AC. C मधून AD ला समांतर रेषा काढायची, ती वाढवलेल्या BA ला E मध्ये छेदते. पुढे लेकीने पटापट भरलं : संगत कोन, व्युत्क्रम कोन, म्हणून AE = AC, मग प्रमाणाचं मूलभूत प्रमेय (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते). सगळं बरोबर! मी विचारलं, ‘ही समांतर रेषा काढायचं सुचलं कशावरून?’ तर म्हणे, ‘बाबा, रचना दिलेलीच असते.’ अहो, त्या प्रमेयात डोकं लागतं ते त्या एका ओळीलाच! AB आणि AC एका रेषेत आणल्याशिवाय मूलभूत प्रमेय लावणार कुठे? ती ओळ आयती मिळाली की उरतं ते फॉर्म भरणं. आम्हाला पक्ष, साध्य, आकृती, रचना, सिद्धता अख्खी लिहावी लागायची. पाठ करायचो हेही खरं, पण निदान रचना हाताखालून जायची.

डिसेंबरपर्यंत माझं मत एवढंच होतं आणि भाग २ ला मी पाचपैकी दोन दिले असते. मग भाग १ मधली वर्गसमीकरणं आली. पूर्ण वर्ग पद्धतीत x² + 6x मध्ये काय मिळवायचं, इथे पोरगी दरवेळी अडायची. तिथे चौकटीने काम केलं : x च्या सहगुणकाची निम्मी ३, तिचा वर्ग ९. चार उदाहरणं चौकटीत, पाचवं कोऱ्या वहीत, आणि गाडी चालू. म्हणजे रीत शिकायची असेल तिथे चौकट चालते, कारण शोधायचं असेल तिथे ती आड येते. भाग २ ला अडीच करतो, त्याहून जास्त नाही.

भाग १ ला मात्र साडेचार, आणि तेही ‘अर्थनियोजन’ या एका प्रकरणासाठी. टॅब अखेर परत आला. सोबत नवीन अ‍ॅडॉप्टर आणि बिल. खोक्यावर एमआरपी ११८०, बिलात ११८० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१२.४० आणखी. सीजीएसटी ९, एसजीएसटी ९, सगळं नीट मांडलेलं, त्यामुळे मी पैसे देऊन मोकळा झालो होतो. लेकीने बिल पाहिलं आणि म्हणाली, एमआरपीत कर आलेलाच असतो. मागच्या कोऱ्या बाजूवर ११८० × १००/११८ करून दाखवलं : करपात्र किंमत १०००, कर १८०, संपलं. काउंटरवरच्या पोराला हे दोनदा समजावावं लागलं, तिसऱ्यांदा मॅनेजरला. २१२.४० परत मिळाले. वर्गणीतून मात्र एक छदाम परत आलेला नाही.

आता आमच्याकडे भूमितीची प्रत्येक कृती वहीत पूर्ण लिहायची, चौकटीवर कागद ठेवून. वेळ दुप्पट जातो आणि लेक कुरकुरते.

या वर्षी ज्यांची मुलं दहावीत जाणार त्यांनी नववीचा भाग २ रद्दीत घालू नये. दहावीच्या ‘समरूपता’ प्रकरणातले संगत आणि व्युत्क्रम कोन तिथल्या ‘समांतर रेषा’मधलेच आहेत. आमचा गेला होता, शेजारून मागून आणावा लागला.